चित्ता बघायला निघालेल्या आप्पांची गोष्ट

(मंडळाच्या तिळगूळ समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही आठ जण दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कला जाऊन आलो. आल्यापासून भेटेल तो दोनच प्रश्न विचारतो. सिंह दिसला का, आणि खर्च किती आला? सिंह दिसला. खर्चाचं पुढं सांगतो. पण कार्यवाहांनी आम्हाला बजावून ठेवलं आहे की फोटो दाखवत बसू नका, ते सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलेत. तुम्ही हे ठरवलं कसं ते सांगा, कारण पुढच्या वर्षी आणखी तीन-चार घरं जायच्या विचारात आहेत. म्हणून आज प्रवासाचं कमी आणि ठरवण्याचं जास्त बोलणार आहोत. चुका भरपूर केल्या, त्याही सांगतो.

सुरुवात आमच्या आप्पांपासून करायला हवी. आप्पा आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. सगळी नोकरी निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून झाली. मूळ गाव रायबागकडचं. रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं. आमच्या पणजोबांबरोबर आजोबा लहानपणी माळावर गेले असताना त्यांनी महाराजांच्या चित्त्याची गाडी पाहिली होती, ही गोष्ट आप्पांनी आम्हाला लहानपणी शंभरदा सांगितली असेल. गाडीत डोळ्यांवर टोपडं घातलेला चित्ता बसलेला, शेजारी चित्तेवान, आणि लांब काळविटांचा कळप. काळवीट माणसाला बुजतं, पण बैलगाडीला बुजत नाही. गाडी फेऱ्या घेत घेत जवळ जाते, टोपडं निघतं आणि मग डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपतं.

आम्हाला वाटायचं, आजोबांनी थोडं तिखटमीठ लावलेलं असणार. पण नंतर वाचलं तर गोष्ट खरी निघाली. आपल्या देशातले चित्ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इतके कमी झाले होते की शिकारीसाठी पाळायला मिळेनात. तेव्हा संस्थानिकांनी आफ्रिकेतून चित्ते आणले, आणि त्यात कोल्हापूर आणि भावनगर ही दोन संस्थानं पुढं होती. म्हणजे आजोबांनी पाहिलेला चित्ता बहुधा आफ्रिकेहून बोटीनं आलेला पाहुणा असावा. चित्ता पिंजऱ्यात प्रजा वाढवत नाही हीसुद्धा जुनीच अडचण. अकबराच्या पदरी शेकड्यांनी चित्ते होते, पण बंदिवासात पिल्लं झाल्याची एकच नोंद जहांगीर करतो. त्यामुळं दर वेळी नवा चित्ता जंगलातूनच धरायचा. असं करत करत १९५२ साली सरकारनं चित्ता भारतातून संपल्याचं जाहीर केलं.

मग १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आले. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. आप्पा खुर्ची पुढं ओढून बघत होते. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "आयुष्यात एकदा तरी ह्यो पळताना बघायचाय रं." आप्पांनी आजवर आमच्याकडं कधी काही मागितलेलं नाही. आईच्या दुखण्यातसुद्धा नाही. त्यामुळं ते वाक्य आमच्या घरात राहून गेलं.

पहिला विचार साहजिकच कुनोचा. जवळचं, स्वस्त, व्हिसा नको. २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा आले, तेव्हा आम्ही खूश झालो. पण त्यातले काही मेले आणि ऑगस्टपर्यंत उरलेले सगळे पुन्हा कुंपणाच्या आत घेतले. आप्पा म्हणाले, "कुंपणातला बघायचा तर भुतरामहट्टीचा सिंह काय वाईट आहे?" विषय तिथंच मिटला. आफ्रिकाच.

तोवर आम्ही भिशी सुरू केली होती. तीन कुटुंबं. आम्ही पाच जण, आमचे मास्तर मित्र, त्यांची बायको आणि मुलगी, आणि कोल्हापूरचे मेव्हणे सहकुटुंब. वीस महिन्यांची भिशी, नाव "चित्ता भिशी". बायका हसायच्या, पण हप्ता कधी चुकला नाही.

आता पहिली मोठी अडचण, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायची नाही. आमच्या मुलांची शाळा कर्नाटकातली, तिला सुट्टी दसऱ्याची. मेव्हण्यांच्या मुलांची शाळा महाराष्ट्रातली, तिला सुट्टी दिवाळीची. मध्ये चाळीस किलोमीटरचं अंतर, पण दोन्ही सुट्ट्या कधी जुळत नाहीत. घरातली लग्नं ठरवताना आपण हे रोज सोसतो. मे महिन्याची सुट्टी दोघांना असते म्हणून मे बघितला. तर केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. गवत माणसाएवढं, रस्ते चिखलाचे. मे महिन्यात पॅकेज स्वस्त का मिळतं हे तेव्हा कळलं. राहिला ऑक्टोबर. मेव्हण्यांच्या मुलांची सत्र परीक्षा नेमकी त्याच दिवसांत, एक मुलगा दहावीला. दोन बैठका झाल्या, चहाचे आठ-दहा कप झाले, आणि शेवटी मेव्हणे म्हणाले, "दाजी, तुम्ही जाऊन या. आमचं पुढं बघू." भिशीतले त्यांचे पैसे परत केले. आमच्या सौभाग्यवती आठवडाभर गप्प होत्या. भावाशिवाय जायचं तिला पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पटलेलं नाही.

तर पहिलं ठरलं ते केनियाचं मसाई मारा. सगळे तिथंच जातात म्हणून आम्हीही. जुलै ते ऑक्टोबरपर्यंत टांझानियाच्या सेरेंगेटीतून लाखो वाइल्डबीस्ट, म्हणजे दाढीवाला रानबैल म्हणा, मारा नदी ओलांडून येतात. मोकळं गवताळ रान असल्यानं चित्ताही तिथं चांगला दिसतो. आम्ही एका एजंटाकडं गेलो. नाव घेत नाही, गावाचंही घेत नाही. त्यांनी एक आकडा सांगितला, आम्ही पंचेचाळीस हजार आगाऊ भरले. पंधरा दिवसांत फोन आला की माराचं प्रवेश शुल्क वाढतंय. ते खोटं नव्हतं. २०२४ पासून परदेशी पर्यटकाला जानेवारी ते जून रोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज २०० डॉलर असा दर झाला. माणशी, दररोज. मोठी पाच माणसं चार दिवस म्हटली तरी शुल्काचेच ४,००० डॉलर. त्यात मुलांचं वेगळं. आम्ही मान डोलावली आणि पुढं चाललो. तिथंच थांबून चौकशी करायला हवी होती.

खरा धक्का लसीनं दिला. केनियाला जायचं तर यलो फीव्हरची, म्हणजे पीतज्वराची लस लागते. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते. आम्हाला सोयीचं पडलं ते गोव्यातलं मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती घ्यावी लागते, आणि २०१६ पासून एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. आम्ही डिसेंबरात चौकशीला गेलो. आप्पांनाही नेलं होतं, म्हटलं येताना मंगेशीचं दर्शन होईल. डॉक्टरांनी आप्पांचं वय विचारलं आणि पेन खाली ठेवलं. साठीच्या वर पहिल्यांदा ही लस देताना गंभीर त्रास व्हायचा धोका वाढतो, कारण तिच्यात जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. आप्पांना रक्तदाब, शिवाय दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया होऊन गेलेला. डॉक्टर म्हणाले, आमचा सल्ला विचाराल तर यांना देऊ नये.

बरं, न घेता गेलं तर? परत येताना विमानतळावर दाखला नसला की सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आपल्या देशात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा डास आहे, म्हणून आपलं सरकार याबाबत फार कडक आहे, आणि बरोबरच आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मुंबईत सहा दिवस कोंडून ठेवायचं?

मंगेशीहून परतताना गाडीत कुणी बोललं नाही. अनमोड घाट चढून आल्यावर आप्पाच म्हणाले, "तुमी जावा. मला फोटो दावा." मास्तरांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून उगाच टायर बघितले आणि परत येऊन बसले. घरी आल्यावर आमच्या बहिणीचा फोन. तिचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला एवढ्या लांब कशाला नेता, काही झालं तर कोण जबाबदार? आता तर देवानंच सांगितलं म्हणाली. तिचं चूक होतं असं आम्हाला आजही म्हणवत नाही.

त्या रात्री मास्तर घरी आले ते नकाशाचं पुस्तक घेऊन. ते भूगोल शिकवतात. म्हणाले, पीतज्वर सगळ्या आफ्रिकेत नाही. बघितलं तर खरंच. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्सवाना हे देश त्या यादीत नाहीत. भारतातून थेट दक्षिण आफ्रिकेला जाऊन परत यायचं तर ही लस लागत नाही. फक्त एक मेख आहे, ती नीट ऐका. वाटेत विमान केनिया किंवा इथिओपियात बदललं तर भानगड होऊ शकते. स्वस्त तिकिटं नेमकी त्याच वाटेची असतात. आम्ही आखाती देशातून जाणारं तिकीट काढलं, माणशी सात-आठ हजार जास्त गेले, पण लसीचा प्रश्नच उरला नाही. एजंटाचे पंचेचाळीस हजार मात्र गेले. करारात बारीक अक्षरात "परतावा नाही" असं होतं आणि आम्ही ते वाचलेलं नव्हतं. वर्षाला शंभर टेंडरं तपासणाऱ्या माणसाकडून असं झालं, म्हणून विशेष लाज वाटली.

आता क्रुगरविषयी. क्रुगर १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपला अख्खा बेळगाव जिल्हा साडेतेरा हजारांच्या आसपास आहे. म्हणजे बेळगाव जिल्हा दीडपट करायचा, त्यातून अथणी, चिकोडी, गोकाक, सौंदत्ती सगळी गावं काढून टाकायची आणि हत्ती, सिंह, गेंडे सोडायचे. लांबी बेळगाव ते पुण्याएवढी. आत डांबरी रस्ते आहेत, आणि मुख्य म्हणजे आपली गाडी आपण चालवत फिरता येतं. जीप नको, गाइड नको. उद्यानाच्या स्वतःच्या राहण्याच्या छावण्या आहेत. स्कुकुझा, लोअर साबी, सातारा... हो, सातारा! नकाशावर ते नाव बघून आप्पा इतके हसले की दोन दिवसांनी पहिल्यांदा घरात हसू ऐकलं. "साताऱ्याला चाललोय म्हणून सांगा तुमच्या बहिणीला," म्हणाले. योगायोग असा की चित्त्यासाठी जी मोकळी गवताळ रानं बघायची, ती साताऱ्याच्याच आसपास आहेत.

छावण्यांचं आरक्षण जवळजवळ वर्षभर आधी उघडतं, आणि आम्ही नऊ महिने उरले असताना जागे झालो. लोअर साबी पूर्ण भरलं होतं. रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी पाच मिनिटं त्यांच्या संकेतस्थळावर बघायचं, असं दीड महिना केलं. लोक रद्द करतात, जागा निघतात. मार्चमध्ये दोन रात्री मिळाल्या. आपल्याकडं दसऱ्याची सुट्टी लागते तोवर त्यांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, ही आपल्या बाजूची गोष्ट. ऋतूच्या दृष्टीनंही ऑक्टोबर चांगला. त्यांचा कोरडा हंगाम संपत आलेला असतो, गवत वाळून खाली बसलेलं, पाणी थोड्याच ठिकाणी, आणि जनावरं पाण्याभोवती. ऊन मात्र आपल्या एप्रिलसारखं लागतं. शिवाय हा मलेरियाचा भाग आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, त्यातही रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालणाऱ्या कोणत्या ते आवर्जून विचारावं.

कागदपत्रांबद्दल बोलायचं तर वेगळं भाषण लागेल. पासपोर्टसाठी पूर्वी हुबळी गाठावी लागायची, आता बेळगावला पोस्टात काम होतं, एवढी सोय झाली. पण आप्पांचं नाव! आप्पा पहिलीत होते त्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यांचा शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधार दोन्हीत. नावात एक जोडाक्षर आहे. ते मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना एका कागदावर एच राहिला, दुसऱ्यावर गळला, तिसऱ्यावर टी एकदाच आला. तीन कागदांवर तीन आप्पा. प्रतिज्ञापत्र केलं, आधार दुरुस्त केलं, मगच पासपोर्ट झाला. आपल्या भागातल्या प्रत्येकानं परदेशाचा विचार करायच्या आधी घरातल्या सगळ्यांच्या कागदांवरची इंग्रजी अक्षरं जुळवून बघावीत. मुलांच्या व्हिसासाठी आई-वडिलांची नावं असलेला जन्मदाखला लागतो, त्यातही हेच.

सरकारी नोकरांसाठी आणखी एक पायरी. परदेशी जायला खात्याची परवानगी लागते, आणि खर्च कुठून करणार तेही लिहून द्यावं लागतं. भिशीचा हिशेब कन्नडमध्ये लिहिताना भिशीला काय म्हणावं यावर आमच्या टेबलावर अर्धा तास चर्चा झाली. अर्ज फेब्रुवारीत दिला आणि मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. ७ मे ला आपल्याकडं मतदान. आम्हीही निवडणूक ड्यूटीवर, साहेबही ड्यूटीवर. फाइल जूनपर्यंत हलली नाही. परवानगी ऑगस्टात हातात आली. तोवर विमानाची तिकिटं काढून बसलो होतो. ते धाडस करू नका. आणि एलटीसी परदेशाला चालत नाही, हे तिघांनी विचारलंय म्हणून सांगून टाकतो.

आता आप्पांची तयारी. दिवसाला सहा-सात तास गाडीत बसणं त्यांना झेपेल का, हे बघायला एप्रिलमध्ये एका रविवारी दांडेलीला गेलो. काळी व्याघ्र प्रकल्पात फणसोलीची जीप सफारी केली. गवे दिसले, शेकरू दिसलं, धनेशाची जोडी दिसली. आप्पांना पाठीचा काही त्रास झाला नाही. त्रास दुसराच. दर दीड तासाला त्यांना लघवीला जावं लागतं. जीपवाल्यानं तिथं आडोसा दाखवला, पण क्रुगरमध्ये गाडीतून उतरायला सक्त मनाई आहे. छावणी, आणि ठरवून दिलेली विश्रांतीची ठिकाणं, एवढ्याच जागी पाय खाली टेकायचा. झुडपाआड सिंह असू शकतो हे काही म्हणायचं वाक्य नाही.

तेव्हा आम्ही क्रुगरचा नकाशा पसरला आणि त्यावर पहिल्या खुणा केल्या त्या स्वच्छतागृहांच्या. स्कुकुझा ते लोअर साबी हे अंतर पंचेचाळीसएक किलोमीटर, मध्ये न्कुहलू. स्कुकुझा ते सातारा नव्वदच्या आसपास, मध्ये त्शोक्वाने. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४०, पण जनावरं बघत जायचं तर तासाला वीस-पंचवीसपेक्षा जास्त अंतर धरू नये. मास्तरांनी वहीत आगगाडीचं वेळापत्रक काढावं तसं सगळं काढलं. ऑक्टोबरात छावणीचं फाटक पहाटे साडेपाचला उघडतं आणि संध्याकाळी सहाला बंद होतं. उशीर झाला तर दंड. आमच्या ग्रुपमधल्या तरुण मंडळींना, म्हणजे मुलांना, हे वेळापत्रक बघून हसू आलं होतं. तिथं गेल्यावर तीच वही सगळ्यांत जास्त वेळा उघडली गेली.

गाडीचं थोडक्यात. तिथं आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. बेळगावच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, तो वर्षभर चालतो. आठ सीटची उंच गाडी घेतली. उंची महत्त्वाची, गवताच्या वरून दिसतं. एक गोष्ट कुणी सांगत नाही. भाड्याच्या गाडीच्या अनामतीसाठी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. आम्ही दोघंही क्रेडिट कार्डाला नाक मुरडणारी माणसं. चार महिने आधी मास्तरांनी काढलं. जोहान्सबर्गहून दक्षिणेकडच्या फाटकांपर्यंत पाचएक तासांचा रस्ता आहे. विमानातून उतरून लगेच निघू नये, एक रात्र झोपावं.

आणि आमच्या धंद्यातली एक गंमत. परदेशी जाताना सगळे प्लगचे अ‍ॅडॅप्टर विकत घेतात. दक्षिण आफ्रिकेचा मोठा तीन गोल पिनांचा प्लग म्हणजे आपला १५-१६ अँपिअरचा पॉवर प्लगच. घरचा गिझर-इस्त्रीवाला एक्स्टेन्शन बोर्ड नेला आणि आठ माणसांचे मोबाइल त्यावर चार्ज झाले.

जेवणाचं बायकांनी ठरवलं. छावणीच्या बंगल्यात स्वयंपाकघर असतं, दुकानात तांदूळ, बटाटे, कांदे, अंडी मिळतात. बंद पाकिटातली भाजणी, मेतकूट, चटण्या नेल्या. दुधाचे पदार्थ, बिया, फळं मात्र नेऊ नयेत. बेळगावचा कुंदा घेऊन जायचा आप्पांचा फार आग्रह होता, तो मोडावा लागला. तिथली माकडं आपल्या माकडांपेक्षा हुशार आहेत. व्हरांड्यातल्या फ्रिजला कडी असते ती लावायला मास्तरीणबाई विसरल्या, आणि एक वानर आमची अख्खी पाव लादी घेऊन झाडावर गेलं.

खर्च. माणशी पावणेदोन लाखांच्या आसपास आला. त्यातला तिसरा हिस्सा, थोडा वरच, विमानाचा. उद्यानाचं शुल्क तेव्हा परदेशी माणसाला रोज पाचशे रँडच्या आसपास होतं, आणि रँड आपल्या पाचएक रुपयांचा होता. पाच-सहा दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर त्यांचं वर्षाचं वाइल्ड कार्ड परवडतं. तयार परदेशी पॅकेज घेतलं तर २०२४ साली ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस आधी कापून जायचा. तो विवरणपत्र भरताना परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. आपण स्वतः आरक्षण केलं तर तसं होत नाही. आप्पांचा प्रवास विमा आमच्या सगळ्यांच्या विम्यापेक्षा महाग पडला, कारण सत्तरीच्या वरचा दर वेगळा. रक्तदाब लपवू नका, लपवला की विमा असून नसल्यासारखा. आप्पांनी स्वतःच्या खर्चासाठी पतसंस्थेतली ठेव मोडली. त्यावरून घरात दोन दिवस वाद झाला. "माझ्या कार्याला ठेवल्यात म्हणतोस? मग जित्तेपणीच करूया की," असं ते म्हणाले, आणि आम्ही गप्प बसलो.

निघायच्या आदल्या दिवशी बहीण आली. आप्पांच्या गोळ्या दिवसवार छोट्या पाकिटांत भरून आणल्या होत्या, प्रत्येकावर मराठीत "सकाळ", "रात्र" लिहिलेलं. सरळ कुणाशी बोलली नाही, पण बसस्टँडपर्यंत आली.

चित्ता दिसला का, हे अजून कुणी विचारलं नाही. पाचव्या दिवशी, साताऱ्याच्या अलीकडं. वारुळाच्या उंचवट्यावर बसला होता. रस्त्यापासून शंभर पावलांवर. आप्पा खिडकीशी होते. आम्ही गाडी बंद केली. चाळीस मिनिटं थांबलो. लांब इम्पालांचा कळप चरत होता. चित्त्यानं एकदा तिकडं बघितलं, उठला, आळस दिला, दोन पावलं चालला आणि सावलीला जाऊन आडवा झाला. मुलांचा विरस झाला. वहीप्रमाणं आप्पांची वेळ होऊन गेली होती, म्हणून आम्ही निघूया का विचारलं, तर त्यांनी हातानंच थांबा म्हणून खुणावलं. आणखी दहा मिनिटं गेली. मग म्हणाले, "पळत न्हाई आज. प्वाट भरलंय त्येचं. चला." आणि त्शोक्वानेला गाडीतून उतरल्यावर फोन मागून घेतला आणि आमच्या बहिणीला लावला. काय बोलले ते आम्ही ऐकलं नाही, लांब जाऊन बोलत होते.

मास्तरांची वही आणि नकाशा मागच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना उतरवून घ्यायचं त्यांनी घ्या, पण वही परत ठेवा, मेव्हणे येत्या मे महिन्यात जायचं म्हणताहेत. मे महिन्यात क्रुगर कोरडं असतं, हे आम्ही त्यांना आधीच सांगायला हवं होतं.